पार्श्वसेवा आणि तिची रोजकीर्द : लिनक्स प्रणालीतील नोंदव्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास (जुन्नर तालुक्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याच्या पूर्वेस राजुरी हे शेती आणि दुग्धव्यवसायावर उभे असलेले गाव आहे. याच तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, कार्यरत आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ तबकड्या मध्यवर्ती चौकात असून उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर, शेताशिवारांमधून पसरलेल्या आहेत. दोन तबकड्यांमधील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. प्रत्येक तबकडीपाशी रात्रंदिवस माणूस बसविणे शक्य नाही. आज्ञा पोहोचविणे, स्थिती तपासणे, बिघाड कळविणे ही कामे कोणाच्याही डोळ्यांसमोर न येता अखंड चालणाऱ्या आज्ञावली करतात. अशा आज्ञावलीस प्रस्तुत निबंधात 'पार्श्वसेवा' असे म्हटले आहे.

पार्श्वसेवेचे एक वैशिष्ट्य असे की, ती काम करताना दिसत नाही. तिने काय केले हे केवळ तिने मागे ठेवलेल्या नोंदींवरून, म्हणजे लॉगवरून कळते. या अर्थाने लॉग हे ऐतिहासिक साधन आहे. तथापि संगणकशास्त्राच्या अभ्यासात लॉगकडे केवळ दुरुस्तीचे उपकरण म्हणून पाहिले जाते आणि इतिहासाच्या अभ्यासात त्याकडे सहसा पाहिलेच जात नाही. पार्श्वसेवा आणि तिच्या नोंदी यांचा विकास कसा झाला हे तपासणे आणि दफ्तरातील कागदाला इतिहासकार जे प्रश्न विचारतो तेच प्रश्न लॉगला विचारणे, असा या निबंधाचा दुहेरी उद्देश आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

संज्ञांचा विचार

युनिक्स परंपरेत पार्श्वसेवेला 'डीमन' म्हणतात. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने कालविभाजन पद्धतीच्या संगणकावर काम करताना हा शब्द रूढ केला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये एका विचारप्रयोगात रेणूंची न थकता निवड करणारा एक कल्पित द्वारपाल मांडला होता. त्यावरून हे नाव सुचले. कोर्बातो यांच्या सांगण्यानुसार या नावाची पहिली आज्ञावली धारिकांच्या प्रती आपोआप चुंबकीय फितीवर उतरवून ठेवीत असे. म्हणजे जतन करणे हेच डीमनचे पहिले काम होते, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. या शब्दाचा अर्थ राक्षस असा घेऊ नये. आपल्याकडील गावाच्या वेशीवरचा राखणदार ही कल्पना त्याच्या अधिक जवळची आहे : तो दिसत नाही, पण त्याचा पहारा चालू असतो.

'लॉग' या शब्दासाठी मराठीत जुनी आणि नेमकी संज्ञा उपलब्ध आहे, ती म्हणजे 'रोजकीर्द'. घडले त्या क्रमाने, त्या दिवशी केलेली नोंद म्हणजे कीर्द. तीच नोंद पुढे खातेवार लावली की ती खतावणी होते. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल, कारण लिनक्समधील नोंदव्यवस्थेचा इतिहास बव्हंशी 'खतावणी केव्हा करावयाची' या एका प्रश्नाभोवती फिरतो.

कागदावरील नोंदी

भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचा एक महत्त्वाचा आरंभीचा टप्पा महाराष्ट्रात घडला. प्रा. गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे ३२ लहान तबकड्यांची सूर्यनिरीक्षणाची रचना उभी राहिली. प्रत्येकी सुमारे १.८ मीटर व्यासाच्या या तबकड्या ऑस्ट्रेलियातून आल्या होत्या. पुढे १९७० मध्ये उटी येथे ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण कार्यान्वित झाली. त्या काळी आलेखयंत्राची लेखणी सरकत्या कागदावर रेषा काढीत असे आणि निरीक्षक वहीत हाताने नोंदी करीत असे.

या पद्धतीत नोंद करणारा माणूस आणि नोंद यांचे नाते प्रत्यक्ष होते. हस्ताक्षरावरून लेखक ओळखता येई, वहीच्या पहिल्या पानावर वर्ष असे आणि वही भरली म्हणून कोणी ती फाडून टाकीत नसे. पार्श्वसेवा आल्यावर या तिन्ही गोष्टी आपोआप मिळेनाशा झाल्या. त्या मुद्दाम घडवाव्या लागल्या आणि त्यासाठी काही दशके गेली.

पार्श्वसेवेचा उगम

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीचा जन्म झाला. वापरकर्ता त्या वेळी टर्मिनलवरून, अनेकदा दूरध्वनीच्या तारेवरून, संगणकाशी जोडलेला असे. तार तुटली की प्रणाली त्या वापरकर्त्याच्या आज्ञावलींना 'हँग-अप' नावाचा संकेत पाठवी आणि त्या बंद पडत. वापरकर्ता निघून गेला तरी काम चालू राहावे यासाठी आज्ञावलीला टर्मिनलपासून सोडविणे आवश्यक होते. त्याची एक ठराविक रीत तयार झाली. आज्ञावली स्वतःची प्रत काढते व मूळ प्रत संपते. नवी प्रत स्वतंत्र सत्र सुरू करते, मूळ निर्देशिकेत जाते, कळफलक व पडद्याशी असलेले दुवे बंद करते आणि आपला प्रक्रिया-क्रमांक एका लहान धारिकेत लिहून ठेवते. डीमन होणे म्हणजे एका परीने घरदार सोडणेच होते.

पुढे गंमत अशी झाली की, टर्मिनलच नसलेल्या डीमनला हँग-अप संकेताचा मूळ अर्थ उरला नाही. तेव्हा त्याच संकेताला 'आपली मांडणी पुन्हा वाच' किंवा 'नोंदीची धारिका नव्याने उघड' असा अर्थ देण्यात आला. दूरध्वनीच्या तारेची आठवण अशा प्रकारे आजच्या सर्व्हरमध्ये शिल्लक आहे.

मात्र पडद्याशी असलेला दुवा तोडल्यामुळे नवा प्रश्न उभा राहिला. पार्श्वसेवेने आपली तक्रार सांगावयाची कोठे? आरंभी प्रत्येक सेवा स्वतःच्या मर्जीने स्वतंत्र धारिकेत लिहीत असे. परिणामी जितक्या सेवा तितक्या वह्या आणि तितक्याच लेखनपद्धती झाल्या.

नोंदींचे केंद्रीकरण

यावर १९८० च्या दशकाच्या आरंभी बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी उपाय शोधला. त्यांच्या सेंडमेल या टपालसेवेसाठी त्यांनी 'सिसलॉग' तयार केले. इतर सेवांनी आपल्या नोंदी या एकाच कारकुनाकडे द्याव्यात आणि त्याने त्या योग्य वहीत उतरवाव्यात, अशी ही रचना होती. प्रत्येक नोंदीला दोन गोष्टी जोडल्या गेल्या : ती कोणत्या खात्याची आहे आणि तिचे गांभीर्य किती आहे. गांभीर्याच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या ठरल्या. शून्य म्हणजे प्रणाली निरुपयोगी होणे आणि सात म्हणजे केवळ तपासणीपुरता तपशील. टपालाच्या नोंदी एका धारिकेत, प्रवेश-परवानगीच्या दुसऱ्या धारिकेत, गाभ्याच्या तिसऱ्या धारिकेत अशी विभागणी झाली. येथे लिहितानाच खतावणी होत असे.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि ही सारी परंपरा लिनक्सने वारशाने स्वीकारली. याच परंपरेत पुढे सिसलॉग-एनजी (१९९८) आणि आरसिसलॉग (२००४) या सुधारित आवृत्त्या आल्या. धारिका वाढत जाऊन तबकडी भरू नये म्हणून 'लॉगरोटेट' ही आज्ञावली रूढ झाली. ती ठराविक काळाने चालू धारिका बाजूला सारते, नवी उघडते, जुन्या धारिका संकुचित करते आणि ठरलेल्या संख्येपलीकडील सर्वांत जुनी धारिका नष्ट करते. अनेक लिनक्स संचांतील तिची मूळ मांडणी 'दर आठवड्याला फिरव, चार ठेव' अशी आहे. म्हणजे कोणी मुद्दाम बदल केला नाही तर सेवेची स्मृती सुमारे एक महिन्याची असते.

खोडद येथील अनुभव

जीएमआरटीची उभारणी १९९० च्या दशकात झाली आणि २००२ पासून ती जगभरातील संशोधकांना निरीक्षणासाठी खुली आहे. प्रत्येक तबकडीपाशी एक स्थानिक संगणक असून तो प्रकाशीय तंतूद्वारे मध्यवर्ती नियंत्रणकक्षाशी जोडलेला असतो. आज्ञा बाहेर जाते आणि स्थिती परत येते. आरंभी ३० तबकड्यांकडून आलेल्या संकेतांचा मेळ घालण्याचे काम खास बनविलेली यंत्रसामग्री करीत असे. २०१० च्या सुमारास त्या जागी सहज उपलब्ध संगणकांच्या समूहावर, लिनक्सवर चालणारी आज्ञावली आली. त्यानंतरच्या उन्नतीकरणात ४०० मेगाहर्ट्झ इतक्या रुंद पट्ट्याचा मेळ ग्राफिक्स प्रक्रियकांच्या साहाय्याने घालणे शक्य झाले. जे काम पूर्वी तारा आणि पट्टिकांमध्ये होते ते पार्श्वसेवांमध्ये आले. साहजिकच बिघाडाचा शोध घेण्याची जागाही बदलली आणि पट्टिकेपाशी जाण्याआधी नोंद वाचणे आवश्यक झाले.

जतन केलेल्या नोंदींचे मोल किती, याचे एक उदाहरण याच दुर्बिणीने दिले आहे. २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर उत्तर व बहुतांश दक्षिण आकाशाचे सर्वेक्षण करण्यात आले. त्यातील मूळ आधारसामग्री संग्रहात राहिली. पुढे हुइब इन्टेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने तिच्यावर स्वतंत्र प्रक्रिया केली आणि २०१७ मध्ये सुमारे ३६,९०० चौरस अंश आकाशातील सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. कोणती नोंद पुढे कोणाच्या उपयोगी पडेल हे नोंद करणाऱ्यास ठाऊक नसते, हा इतिहासकाराचा नित्याचा अनुभव येथे विज्ञानालाही आला. निरीक्षणाची आधारसामग्री आणि तिच्यासोबतची निरीक्षण-नोंद जाणीवपूर्वक जपली जाते, म्हणूनच हे घडले. ज्या पार्श्वसेवांच्या आधारावर अशी कामे चालतात त्यांच्या स्वतःच्या नोंदी मात्र सर्वसाधारण लिनक्स व्यवहारात आवर्तनात नाहीशा होतात.

सिस्टिमडी आणि नवी रोजकीर्द

२०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 'सिस्टिमडी' ही सेवाव्यवस्था मांडली. २०११ मध्ये फेडोराने, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सातव्या आवृत्तीने आणि २०१५ मध्ये डेबियनच्या आठव्या आवृत्तीने ती स्वीकारली. डेबियनमधील निर्णय प्रदीर्घ व कटू वादानंतर झाला.

या व्यवस्थेत सेवेने स्वतः घरदार सोडण्याची गरज उरली नाही. कोणती आज्ञावली चालवावयाची, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने, कोणत्या सेवेनंतर आणि ती कोसळल्यास पुन्हा सुरू करावयाची की नाही, हे एका छोट्या मजकुरात लिहिले जाते. बाकीचे पालकत्व सिस्टिमडीकडे असते. सेवा पडद्यावर लिहावे तसे साधेपणाने लिहिते आणि 'जर्नल' ते टिपून घेते. पूर्वी दुवे बंद केल्यामुळे कोसळण्याच्या क्षणीचे जे शेवटचे शब्द हरवत, ते आता बव्हंशी हाती लागतात.

जर्नलमध्ये सर्व नोंदी एकाच क्रमाने जातात आणि प्रत्येकीस अनेक सूचक चिन्हे जोडली जातात. वाचणारा हवी ती सेवा, हवा तो काळ, हवे ते गांभीर्य निवडतो. म्हणजे रोजकीर्द एकच आणि खतावणी मागणीनुसार. सिसलॉगच्या रचनेची ही नेमकी उलट बाजू होय. मात्र हे लेखन साध्या मजकुराच्या रूपात नसून द्विमान स्वरूपाच्या धारिकांत असते आणि ते वाचण्यासाठी विशिष्ट आज्ञावली लागते. फेडोराने २०१३ मध्ये आणि डेबियनने २०२३ मध्ये आपल्या मूळ मांडणीतून मजकुरी सिसलॉग वगळले.

दफ्तराचे चार प्रश्न

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. अशा कागदास अभ्यासक चार प्रश्न विचारतो. तेच प्रश्न लॉगलाही लागू पडतात.

पहिला प्रश्न काळाचा. अनेक मराठी पत्रांवर महिना व चंद्र असतो, वर्ष नसते. पत्राचा काळ ठरविण्यात इतिहासकारांचे आयुष्य खर्ची पडले. आश्चर्य असे की, पारंपरिक सिसलॉगच्या नोंदीतही महिना, दिवस व वेळ असे, पण वर्ष नसे आणि वेळ कोणत्या देशाची हेही नसे. २००१ मध्ये ही रूढ पद्धत दस्तऐवजाच्या रूपात नोंदविली गेली आणि २००९ च्या नव्या मानकाने वर्ष व कालविभाग यांचा समावेश केला. तरीही ज्या यंत्राचे घड्याळच चुकीचे आहे त्याची नोंद व्यर्थ ठरते. म्हणून घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविणारी सेवा ही नोंदव्यवस्थेचाच भाग मानली पाहिजे.

दुसरा प्रश्न सत्यतेचा. एकोणिसाव्या शतकात इनाम कमिशनने लोकांनी दाखविलेल्या सनदा दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहिल्या. सनद खोटी असू शकते, परंतु अनेक ठिकाणी झालेली दफ्तरी नोंद खोटी पाडणे कठीण असते. सिसलॉगमध्ये कोणतीही आज्ञावली दुसऱ्याचे नाव सांगून नोंद करू शके. जर्नलमध्ये प्रक्रिया-क्रमांक व वापरकर्ता ही माहिती नोंद करणाऱ्याकडून न घेता थेट गाभ्याकडून घेतली जाते. तरीही ज्याच्याकडे यंत्राचे सर्वाधिकार आहेत तो तेथील नोंद मिटवू शकतो. त्यावर उपाय जुनाच आहे : दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणे.

तिसरा प्रश्न वाचनीयतेचा. मोडीचा वापर विसाव्या शतकात मागे पडला आणि कागद शाबूत असूनही वाचणारे दुर्मीळ झाले. द्विमान धारिकांबाबत हाच धोका संभवतो. साधा मजकूर पन्नास वर्षांनीही उघडता येईल. विशिष्ट आज्ञावलीवर अवलंबून असलेली धारिका उघडेलच असे नाही. दैनंदिन कामासाठी जर्नल अधिक समर्थ आहे यात शंका नाही. परंतु दीर्घकालीन जतनासाठी त्यातील निवडक भाग मजकुराच्या रूपात उतरवून ठेवणे इष्ट होय.

चौथा प्रश्न जतनाचा. जर्नलची मूळ मर्यादा धारिकासंचाच्या दहा टक्के आणि कमाल चार गिगाबाइट इतकी आहे. शिवाय नोंदी कायम साठ्यात ठेवल्या जात नसतील, तर त्या केवळ तात्पुरत्या स्मृतीत राहतात आणि यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीशा होतात. यंत्र बिघडल्यावर पहिला उपाय म्हणून ते बंद करून चालू करणारा माणूस नकळत बिघाडाचा पुरावाच पुसतो. भारतात सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या, शासकीय संस्था इत्यादींनी आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवणे आणि घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळविणे बंधनकारक आहे. चार आठवड्यांची मूळ मांडणी आणि १८० दिवसांचे बंधन यांतील अंतर कोणीतरी जाणीवपूर्वक भरून काढावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पार्श्वसेवेच्या इतिहासात नोंदीचा प्रश्न नंतर जोडलेला नसून सेवेला टर्मिनलपासून सोडविले त्या क्षणीच तो निर्माण झाला. सिसलॉगपासून जर्नलपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर एक अडचण दूर झाली आणि दुसरी उद्भवली. काळ व सत्यता यांबाबत नोंद सुधारली, तर वाचनीयतेबाबत ती अधिक परावलंबी झाली. जतनाचा निर्णय मात्र कोणत्याही टप्प्यावर यंत्राने योग्य रीतीने घेतला नाही. तो निर्णय माणसानेच करावयाचा आहे आणि तो न केल्यास मूळ मांडणी तो आपल्या वतीने करते.

हा विषय केवळ खोडदच्या दुर्बिणीपुरता नाही. राजुरीसारख्या गावातील शेतकरी दुधाचा हिशेब, पतसंस्थेचे खाते आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा यांसाठी दूरच्या यंत्रांवरील पार्श्वसेवांवर अवलंबून आहे. पूर्वी फेरफाराविषयी वाद झाला तर तलाठ्याच्या दफ्तरातील वही उघडता येत असे. उद्या असा वाद झाल्यास 'ही नोंद कोणी, केव्हा बदलली' याचे उत्तर कदाचित सेवेच्या लॉगमध्येच असेल, आणि तो लॉग तोपर्यंत फिरून नष्ट झाला असेल तर उत्तरही नसेल. जुन्नर हे नाणेघाटाचे व शिवनेरीचे परगणे. येथे दगडावर कोरलेल्या दानांच्या नोंदी सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या. आजच्या नोंदी किती काळ ठेवाव्यात, कोणी ठेवाव्यात आणि कोणास वाचता याव्यात, हे ठरविण्याचे काम केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. महाविद्यालयांच्या संगणकशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील संस्थांसाठी नोंदजतनाचे साधे नियम तयार करावेत आणि त्याची सुरुवात स्वतःच्या महाविद्यालयातील सर्व्हरपासून करावी, एवढे सुचवून हे विवेचन पूर्ण करतो.